सीलबंद गिटार

“त्यात आहे काय? शनिवारी दुपारपर्यंत करून ठेवतो,” तोळेमासे म्हणाले, आणि घरातल्या दोन्ही बायकांनी एकमेकींकडे पाहिलं.

तोळेमासे हे त्यांचं आडनाव नव्हे. गृहस्थ वजनकाटे दुरुस्त करत. चाळीस वर्षांचा धंदा, रीतसर परवाना. सोनाराच्या नाजूक तराजूपासून गोदामातल्या काट्यापर्यंत सगळं त्यांच्या हाताखालून गेलेलं, म्हणून गल्लीने हे नाव ठेवलं. स्वतः अठ्ठ्याऐंशी किलो भरायचे. जगात काहीही एका केसाने चुकलेलं असलं की त्यांना अन्न गोड लागत नसे. लोकांच्या घरी जाऊन लोकांच्या तसबिरी सरळ करणारा हा माणूस!

आणि चुकत होती मुलीची इलेक्ट्रिक गिटार. दोन गाणी झाली की तारा सूर सोडायच्या, शिवाय अॅम्प लावला की सतत गुणगुण. रविवारी संध्याकाळी तिचा पहिला मोठा कार्यक्रम होता आणि वाद्यांच्या दुकानातल्या कारागिराने तीन आठवड्यांनंतरची तारीख दिली होती.

“तारा बदला, सुरात लावा. बस,” मुलगी म्हणाली. “बाकी कशाला हात लावायचा नाही बाबा. शपथ?”

“शपथ कशाला? मी काय लहान आहे?”

शपथ घेतली नाही, हे तिने तेव्हाच लक्षात घ्यायला हवं होतं.

खरी गोष्ट अशी की गिटार पहिल्यांदा घरी आली तेव्हा तोळेमाशांनी ती काट्यावर ठेवून “तीन किलो सहाशे दहा ग्रॅम लाकूड, आणि त्यातही मधे पोकळ,” असं जाहीर केलं होतं. मुलगी दोन दिवस बोलली नाही, आणि पुढचे आठ महिने तिने त्या पिशवीची चेनसुद्धा त्यांच्यासमोर उघडली नाही. शब्द तोंडातून गेला तो गेलाच. तेव्हापासून तोळेमासे तिच्या खोलीवरून जाताना पाय न वाजवता जात आणि दाराशी घटकाभर रेंगाळत. जमलं तर एकदा, एकदाच तिने म्हणावं की बाबा, तुमचं काम चोख आहे. आता ती संधी आयती पिशवीत घालून समोर ठेवली होती.

शनिवारी सकाळी त्यांनी पुढच्या खोलीतल्या टेबलावर सतरंजी अंथरली, गिटारचं वजन केलं (तीन किलो सहाशे दहा ग्रॅम), वहीत लिहिलं, नव्या तारा चढवल्या आणि मोबाइलवरचा सूर दाखवणारा काटा सुरू केला. काटाच तो. इथे तर आपलं राज्य, असं त्यांना वाटलं.

पहिली तार बरोबर लावली. सहावी लावली. सहज पहिलीकडे पाहिलं तर ती उतरलेली! ती चढवली, तर मधल्या दोन ढेपाळल्या. त्या वर आणल्या, तर सहावी रुसली. एकीचं मन राखावं तर दुसरी नाराज, अशी तासभर एकत्र कुटुंबातली भांडणं चालली.

“अहो, जेवायला या,” बायकोने हाक मारली.

“एक तार राहिलीय.”

“मघाशीही एकच राहिली होती.”

शेवटी तोळेमाशांनी गिटार पालथी केली आणि मागचं झाकण उघडलं. आत तीन स्प्रिंगा. पुढून तारा ओढतायत, मागून स्प्रिंगा ओढतायत, आणि मधे तारांची पट्टी दोन टोकांवर तोललेली. तोळेमाशांच्या अंगावर काटा आला.

“अगं, हा तर तराजू आहे!”

“मग आता जेवायला येणार नाही तुम्ही,” बायको म्हणाली आणि ताटावर झाकण ठेवून गेली.

त्यानंतरच्या कामाला दुरुस्ती म्हणणं म्हणजे अन्याय होईल. पत्रं तोलायच्या जुन्या काट्यातल्या दोन पोलादी स्प्रिंगा त्यांनी गिटारच्या पोटात जोडल्या. गुणगुण थांबावी म्हणून आतून तांब्याचा पातळ पत्रा बसवला. टेकू कानसले, खोबणींना शिसपेन्सिलीची पूड लावली. मग गिटार पुन्हा तोलली. हिशेबापेक्षा दोन ग्रॅम कमी! कुठे गेले दोन ग्रॅम? टेबलाखाली पाहिलं, केरात पाहिलं, बायकोला चप्पल झटकायला लावली. झाकणाचा एक स्क्रू हरवला होता आणि तो स्क्रूड्रायव्हरच्याच लोहचुंबकी टोकाला चिकटून बसला होता. काखेत कळसा अन् गावाला वळसा.

तीन तासांनी सहाही तारा काट्यावर आल्या. तारांच्या पट्टीला जोडलेली, सूर थरथरवायची दांडी दाबून पाहिली, सोडली, पुन्हा दाबली. काटा जागचा हलेना. तोळेमाशांना इतकं बरं वाटलं की पुढचं काम डोक्याने केलंच नाही, हातांनीच केलं. काटा एकदा अचूक लावला की तो कुणी हलवू नये म्हणून चाळीस वर्षं जे करायचं तेच. सहाही खुंट्यांतून सील करायची बारीक तार ओवली, पीळ दिला, प्रत्येकीवर शिशाची गोळी ठेवून पकडीने दाबली, आणि वर स्वतःचा शिक्का उमटवला.

मुलगी रविवारी दुपारी घाईत आली, पिशवी खांद्यावर टाकली आणि चेन न उघडताच गेली.

संध्याकाळी तोळेमासे सभागृहात तिसऱ्या रांगेत बायकोशेजारी बसले. पहिलं गाणं झालं. सूर जागच्या जागी. दुसरं झालं, तिसरं झालं. पाचव्या गाण्यापर्यंत मुलीने एकदाही खुंटीला हात लावला नाही, आणि गुणगुणीचं तर नाव नाही. तोळेमाशांनी पलीकडच्या अनोळखी माणसाला सांगूनही टाकलं, “काम आमच्याकडे झालंय.”

मग मुलगी माइकपाशी आली.

“शेवटचं गाणं. याच्यासाठी मला सगळ्यात जाड तार उतरवावी लागते. पण अडचण अशी आहे की माझी गिटार सील केलेली आहे.” तिने ती उंच धरली. सहा गोळ्या दिव्यात चमकल्या. “ज्यांनी केली ते तिसऱ्या रांगेत आहेत. बाबा, वर या.”

सभागृहात खसखस पिकली. तोळेमाशांना धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. पण धरणीने घेतलं नाही आणि बायकोने ढकललं.

पकड खिशात होतीच. ती असतेच. मुलीसमोर उभं राहून ते खालच्या आवाजात म्हणाले, “सील तोडणं गुन्हा असतो गं.”

माइक जवळच होता. लोक खो खो हसले.

“तोडा बाबा.”

त्यांनी तोडलं. मुलीने तार उतरवली, आणि ज्याची भीती होती तेच झालं. उरलेल्या पाचही वर चढल्या.

“आता सगळ्या लावाव्या लागणार,” तोळेमासे मोबाइल काढत म्हणाले. “घरी तीन तास लागले.”

“दहा मिनिटांत करा. तोवर मी बोलते.”

ड्रम वाजवणाऱ्याने स्टूल दिलं. अठ्ठ्याऐंशी किलो स्टुलावर बसले, पाच सीलं तुटली, आणि चारशे माणसांसमोर तोळेमाशांनी गिटार मांडीवर घेतली. कान तारेला लागलेला असला तरी मागचं सगळं ऐकू येत होतं.

“बाबा वजनकाटे दुरुस्त करतात,” मुलगी सांगत होती. “लहानपणी मला बाहुल्यांऐवजी पितळी वजनं दिली. त्यांना चुकलेलं चालत नाही. फार त्रास होतो हो या गोष्टीचा. आठ महिने मी यांना ही गिटार बघूसुद्धा दिली नाही. परवा नाइलाज म्हणून दिली. तारा बदला म्हटलं, तर यांनी आतून नवीनच करून ठेवली. आणि आज पाच गाण्यांत ती एकदाही हलली नाही. इतकं चोख काम मी कुठल्याच दुकानात पाहिलेलं नाही.”

तोळेमाशांना मोबाइलवरचा काटा दिसेनासा झाला. चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला, तरी दिसेना. शेवटची तार त्यांनी नुसत्या कानाने लावली. गाणं झालं, लोकांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या, आणि त्यातल्या निम्म्या तरी आपल्याला आहेत असा त्यांनी घरापर्यंत पुरेल एवढा हिशेब केला.

बाहेर पायऱ्यांवर ड्रम वाजवणारा धावत आला. हातात दुसरी गिटार. “अगं, शेवटच्या गाण्यासाठी ही, जाड तार उतरवून, सुरात लावून तुझ्यामागेच ठेवली होती ना? तालमीत हिच्यावरच वाजवतेस की. हात पण लावला नाहीस!” तो सहज म्हणाला आणि निघून गेला.

तोळेमासे तिसऱ्या पायरीवर थांबले.

“म्हणजे, मला वर बोलवायची गरजच नव्हती?”

“नव्हती,” मुलगी म्हणाली. “दुपारी हॉलवर चेन उघडली, सीलं बघितली, आणि आईला फोन केला.”

तोळेमाशांनी बायकोकडे पाहिलं. ती आरामात पायऱ्या उतरत होती.

“मग तो नवा शर्ट काय मी तुम्हाला तिसऱ्या रांगेत बसायला घालायला लावला?”

तोळेमाशांनी खाली पाहिलं. शर्ट खरंच नवा होता.