मंदाकाकी सुपरवायझर होतात

मंदाकाकी माणसांना कधीच रागवत नाहीत, भांड्यांना रागवतात. आमच्या महाडच्या कारखान्याच्या कॅन्टीनमध्ये त्या सुपरवायझर आहेत. भाजी चिरायला उशीर झाला की काकी कढईपुढे जाऊन उभ्या राहतात. "काय गो बाये, अकरा वाजले तरी रिकामीच? लाज हाय का नाय तुला?" कढई गप्प. चिरणाऱ्या बायकांचे हात मात्र भराभर चालू लागतात.

दोन वर्षांपूर्वीपर्यंत काकी फक्त भाकऱ्या करायच्या. आंबेनळी घाटाच्या वाटेवरच्या वाडीतून पोलादपूरला उतरायचं आणि तिथून मिनीडोर रिक्षाने सकाळी सातला कॅन्टीनमध्ये हजर. त्यांची तांदळाची भाकरी अशी, की जेवण झालं तरी माणूस उगीच ताटापाशी रेंगाळायचा. जुना सुपरवायझर सोडून गेला तेव्हा कॅन्टीनच्या ठेकेदाराने विचारलं, "सगळ्यात चांगलं काम कोणाचं?" आम्ही सगळ्यांनी काकींकडे बोट दाखवलं. या बाईने जन्मात कोणाला काम सांगितलं आहे का, हे विचारायचं कोणालाच सुचलं नाही. पाच मिनिटांत आम्ही चांगली भाकरी घालवली आणि एक नवखी सुपरवायझर मिळवली.

मी हसतोय खरा, पण माझी गत तीच. मला रसायनं बरी कळायची, म्हणून माझ्या हाताखाली बावीस माणसं दिली. रसायनं निदान ऐकायची तरी.

काकींना खुर्ची मिळाली. तिच्यावर त्या कोथिंबिरीच्या जुड्या ठेवतात आणि दिवसभर उभ्याच असतात. हजेरीची वही मिळाली, ती भिजू नये म्हणून पदरात धरतात. "सायबांनी इस्वासानं दिली हाय. नीट लिवायला पायजे."

त्या नीटपणानेच घात केला. शेवंता त्यांच्याच वाडीतली. त्याआधी बारा वर्षं दोघींनी शेजारी बसून भाकऱ्या थापलेल्या. एके सकाळी मिनीडोर वाटेत बंद पडली आणि दोघी अर्धा तास उशिरा पोचल्या. काकींनी वही उघडली आणि शेवंताच्या नावापुढे प्रामाणिकपणे 'उशीर' असं लिहिलं. स्वतःचा उशीर लिहायला जागाच नव्हती, कारण सुपरवायझरचं नाव त्या वहीत नसतं.

तेव्हापासून शेवंता त्यांना 'मॅडम' म्हणते. मिनीडोरमध्ये ड्रायव्हरशेजारी बसते. दुपारी काकींकडे पाठ करून जेवते.

परवा काकी माझ्या टेबलापाशी आल्या. "सायेब, एक अर्ज लिवून द्या. मला परत भाकऱ्यांवर बसवा म्हनावं."

"कारण काय लिहू?"

"पाय दुखतात म्हनून लिवा." मग हळूच म्हणाल्या, "भाकऱ्यांवर असले तर ती बोलंल माझ्याशी."

मी कागद ओढला. अर्ज लिहिला. त्यांच्यापुढे सरकवताना सहज म्हणालो, "तुम्ही उतरलात की ठेकेदार शेवंतालाच तुमच्या जागी बसवणार बघा. तुमच्यानंतर काम तिचंच चांगलं."

सही करायला घेतलेलं पेन काकींनी खाली ठेवलं.

"मंग राहू द्या, सायेब," त्या म्हणाल्या. "तिच्याशी कोन बोलंल मंग?"

अर्जाची घडी करून त्यांनी कमरेला खोचली आणि दुपारच्या जेवणाचं बघायला आत गेल्या.