मूळ बिल जोडावे

आईचं डायलिसिस कंपनीच्या विम्यात बसत होतं, इंजेक्शनं बसत नव्हती. एवढ्याच फरकापायी कंपनीच्या बिलतपासनिसाने बाहेरचं एक काम घेतलं.

ऑफिसात त्याला सगळे 'फेरसादर' म्हणत. तारीख पुसट दिसली, बेरजेत खाडाखोड आढळली, की हा लाल शाईने 'फेरसादर करा' असं लिहून बिल परत धाडणार. देवाने पावसाचं बिल पाठवलं असतं, तर याने ढगांच्या पावत्या मागितल्या असत्या.

बाहेरचं काम एका छोट्या सल्लागाराचं होतं. कुठल्याशा कार्यालयाची माहिती, नावगाव पुसलेली. तिथली कोणती पदं नसली तरी चालेल, ते सांगायचं. आईला आत मशीन लावलेलं असे, तेव्हा हा बाहेरच्या बाकावर बसून ते काम करी.

"काय वेड्यांचा बाजार आहे गं तिथे!" तो बायकोला म्हणाला. "चहाच्या बिलाला तीन सह्या! आणि एक क्रमांक चार म्हणून आहे, तो बिलं अडवण्यापलीकडे काहीच करत नाही. उडवला त्याला."

"त्याच्या घरी कोण असेल कुणास ठाऊक," बायको म्हणाली.

काम संपलं आणि बिल करायची वेळ आली. मेहुणा करसल्लागार होता. तो स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसून म्हणाला, "तीन वाटा आहेत, भाऊजी. एक, ऑफिसची लेखी परवानगी घ्या नि स्वतःच्या नावाने बिल करा. दोन, ताईच्या नावाने करा."

"काम माझं आणि बिल तिच्या नावाने? खोटं बिल, आणि तेही माझ्या हातून?"

"मग तीन. मधली एखादी कंपनी धरा. बिल ती करील, कर कापून तुम्हाला पगारासारखे पैसे देईल. कमिशन मात्र घेईल."

"फुकटचं कमिशन कशाला? माझ्याच नावाने करतो. कर पै न् पै भरतो."

"आणि परवानगी?"

"मागायला गेलो तर नोकरी जाईल. नोकरी गेली की विमा गेला. कर खात्याशी खोटं बोलायचं नाही, आणि ऑफिसशी बोलायचंच नाही."

"झाकली मूठ सव्वा लाखाची," बायको म्हणाली.

मग त्याने बिल केलं. नाव, पत्ता, कर क्रमांक, कामाचं सविस्तर वर्णन, सगळं जिथल्या तिथे. असं देखणं बिल आपल्या टेबलावर कधीच कसं येत नाही, याचं त्याला वाईटही वाटलं. सल्लागाराने कर कापून पैसे दिले आणि इंजेक्शनं आली.

काही दिवसांनी साहेबांनी त्याच्या टेबलावर एका मोठ्या कंपनीचं बिल ठेवलं. 'कार्यालयीन सुधारणा, एकरकमी.'

"लगेच पास करा."

"एकरकमी कसं, साहेब? यांनी ज्यांच्याकडून काम करून घेतलं, त्यांची मूळ बिलं जोडायला हवीत."

"अहो, सोडा ना या वेळी."

"नियम आहे, साहेब."

त्या दिवशी त्याने डोळे मिटून सही केली असती तर हे सगळं तिथेच मिटलं असतं. पण जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही. त्याने लाल शाई उघडली.

बिल परत आलं ते गठ्ठा घेऊनच. एक प्रत थेट साहेबांकडे गेली होती. फेरसादर एकेका ओळीवर पट्टी ठेवत खाली सरकला आणि एका कागदापाशी थांबला. नाव बरोबर होतं. पत्ता बरोबर होता. कर क्रमांकही बरोबर होता.

"सापडली का चूक?" शेजारच्या टेबलावरून विचारणा झाली.

"एकही नाही," तो म्हणाला. बिल त्याच्याच हातचं होतं, छोट्या सल्लागारामार्फत मोठ्या कंपनीच्या गठ्ठ्यात आलेलं. सोबतच्या अहवालात चहाच्या बिलाच्या तीन सह्या होत्या, आणि क्रमांक चारही होता.

साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं, तेव्हा त्यांच्यापुढे तीच प्रत होती.

"परवानगीशिवाय बाहेरचं काम केलंत. खरं तर काढायला हवं तुम्हाला. पण काढू कुठून? तुमचं पद तुम्हीच रद्द करून ठेवलंय. वरून मंजुरी पण आली."

"साहेब, आईचं डायलिसिस..."

"म्हटलं होतं ना, सोडा या वेळी!" साहेब चिडले आणि मग त्यांनाच वाईट वाटलं. "विमा महिनाअखेरपर्यंत आहे. पुढे काम निघेल तसं बोलवू. बाहेरचे म्हणून या, बिल द्या, आम्ही कर कापून पैसे देऊ. आता परवानगीचीही भानगड नाही."

"आणि विमा?"

"बाहेरच्यांना कसला विमा?"

संध्याकाळी तो आईच्या मशीनशेजारी बसला. लपवण्यात अर्थ नव्हता, म्हणून त्याने सगळं सांगितलं. आई इतकी हसली की नर्स धावत आली.

"म्हणजे स्वतःची नोकरी स्वतःच खाल्लीस? आणि वर त्याचा कर भरलास?"

"हो."

"शहाणा गं माझा बाळ!" तिने मोकळ्या हाताने डोळे पुसले. नळीतून तिचं रक्त मशीनकडे जात होतं आणि परत येत होतं. थोड्या वेळाने तिने हळूच विचारलं, "विमा या महिन्यापुरता आहे म्हणतोस ना? मग पुढच्या महिन्याचं डायलिसिस आत्ताच करून ठेवता येतं का, विचार की त्यांना."

आयुष्यभर नियम सांगत आलेल्या माणसाला हाही नियम ठाऊक होता.

"नाही येत, आई," तो म्हणाला आणि तिच्या पायांवरची चादर नीट करू लागला.