खुशालरावांचा विशेष कक्ष

हॉटेल जुनं झालं की त्याचा मालक तिरसट व्हावा लागतो. हा कायदा कुठे छापलेला नाही, पण वऱ्हाडात तो कसोशीने पाळला जातो. ज्या हॉटेलचा मालक गिऱ्हाइकाकडे पाहून हसतो त्याचं दूध पातळ असणार, हे अकोल्यापासून चांदूर रेल्वेपर्यंत कोणीही डोळे मिटून सांगेल. या कसोटीवर अमरावतीचं, जवाहर गेटजवळचं 'आनंदविलास उपाहारगृह' सगळ्या मुलखात पहिलं होतं. तिथला दही-चटणीत भिजवलेला गिलावडा प्रसिद्ध होता, आणि त्याहून प्रसिद्ध होते मालक खुशालराव. (हे नाव त्यांना बारशाला मिळालं. नंतर कोणी फेरतपासणी केली नाही.)

खुशालराव गल्ल्यावर बसत आणि तिथूनच गिऱ्हाइकांचा समाचार घेत. "ए टोपीवाल्या, वडा खायाले आला का झोपाले?" "ओ मास्तर, चटणी फुकट हाय म्हणून भाजीसारखी खाता काय?" दर दहा गिऱ्हाइकांपैकी नऊ जणांचा असा उद्धार होई. दहावा बहुधा कमी ऐकू येणारा असे. वकील, मास्तर, अडते, अकोटहून कापूस घेऊन आलेले शेतकरी, सगळे आधी बोलणी खात, मग वडा खात, आणि घरी जाऊन दोन्हींची तारीफ करत. अकोल्याचे लोक तर गाडीचं तिकीट काढून येत. आपल्या गावात इतकं मन लावून बोलणारं कोणी नाही, ही त्यांची खंत होती.

बसण्याची पद्धतही ठरलेली होती. आनंदविलासात जागा मिळत नसे, घ्यावी लागे. जो खात बसलाय त्याच्या खुर्चीमागे जाऊन उभं राहायचं आणि त्याच्या मानेवर श्वास सोडत त्याचा वडा संपायची वाट पाहायची. मागचा श्वास गरम झाला की पुढचे घास मोठे होतात, असा सर्वांचा अनुभव होता. भिंतीवर 'येथे सर्वांना मुक्त प्रवेश आहे' अशी पाटी होती. अस्पृश्यताबंदीचा कायदा झाला तेव्हा खुशालरावांनी ती स्वखर्चाने रंगवून घेतली होती. ते कायदा मानणारे गृहस्थ होते.

कलेक्टर कचेरीत कारकून असलेला श्रावण या हॉटेलात पहिल्यांदा गेला तो नोकरी लागली त्याच आठवड्यात, कचेरीत शेजारच्या टेबलावर बसणाऱ्या गोवर्धनबरोबर. आत पाऊल टाकतो तोच गल्ल्यावरून आवाज आला, "ए चष्म्या, दरवाजा अडवून काहून उभा? बारात येऊन राहिली काय तुयी?"

श्रावणच्या अंगावर काटा आला, तो आनंदाने. तो चांदूरकडच्या एका खेड्यातला. त्याचे वडील पुंजाजी पूर्वी दुसऱ्यांच्या कापसाच्या गाड्या घेऊन अमरावतीच्या जिनात, सरकी काढायच्या कारखान्यात, येत. परत जाताना ते याच हॉटेलच्या मागच्या अंगणात बसत, घरून आणलेला लोटा पुढे करत, आणि वरून त्यात चहा ओतला जाई. पुढे छप्पन साली बापलेक नागपूरला जाऊन बौद्ध झाले, श्रावण मॅट्रिक झाला, कचेरीत लागला. आणि आता जे बोलणं वकिलाला, तेच त्याला. तेच संगमरवरी टेबल, तोच कपबशीचा जोड, तोच उद्धार. राज्यघटना मोठी आहे, सगळी वाचायला वेळ लागतो. श्रावणला ती त्या दिवशी एका वाक्यात ऐकायला मिळाली. तो दर शनिवारी आनंदविलासात जाऊ लागला.

सगळं सुरळीत चाललं होतं. मग त्रेसष्ट सालच्या वैशाखात श्रावणने तिथे पेढे सांगितले.

"काय कार्य हाय घरी?" खुशालरावांनी विचारलं.

"बुद्धजयंती."

खुशालरावांनी त्याच्याकडे एकदा नीट पाहिलं. मग अत्यंत मऊ आवाजात म्हणाले, "पाठवून देऊ, श्रावणजी."

पुढच्या शनिवारी श्रावण दारात दिसताच खुशालराव गल्ल्यावरून उठले. "या, श्रावणजी. आपण या गर्दीत कशाला? आपली आत व्यवस्था केली आहे." (खुशालराव अपमान वऱ्हाडीत करत आणि आदर पुणेरीत दाखवत. आदराचा प्रसंग क्वचित येई, म्हणून ती भाषा कोरी करकरीत राहिली होती.)

आत म्हणजे स्वयंपाकघराच्या पलीकडे एक नवी खोली होती. दारावर 'विशेष कक्ष' अशी पाटी, टेबलावर फुलाफुलांचं मेणकापड, आणि खास निळ्या काठांचे कप. ते कप बाहेर जात नसत आणि बाहेरचे कप आत येत नसत, इतकी पाहुण्यांची काळजी. तिथे थांबावं लागत नसे, कोणी मानेवर श्वास सोडत नसे, वाढपी हळू आवाजात बोलत. आधीपासून तिघं बसलेले होते: जिल्हा परिषदेचे एक सभासद, नवे बदलून आलेले एक ओव्हरसियर आणि दवाखान्यातल्या एक नर्सबाई. श्रावणला तिघंही चार दिवसांपूर्वी बुद्धजयंतीच्या मिरवणुकीत भेटले होते. हा योगायोग आहे, असं खुशालराव म्हणाले असते. पण त्यांना कोणी विचारलं नाही.

श्रावण खूश होऊन घरी आला आणि बायकोला, इंदूबाईला, सगळं सांगितलं. ती तांदूळ निवडत होती. मान वर न करता तिने विचारलं, "गोवर्धन भाऊजीलेबी आतमंदी बसोते काय?"

सोमवारी श्रावणने गोवर्धनला विचारलं, तुला कधी 'या' म्हटलं का खुशालरावांनी?

"मले?" गोवर्धन अभिमानाने म्हणाला, "मले तं परवा ढोलग्या म्हणला. साऱ्यायच्या समोर."

मिरवणुकीतली ती तीन माणसं श्रावणला पुन्हा आठवली. त्यानंतरचे शनिवार त्याने बिकट काढले. जावं तर विशेष कक्ष, न जावं तर विशेष कक्षाचं काम आपोआप झालं. तक्रार कोणाकडे करायची? 'माझा अपमान होत नाही' असा अर्ज घ्यायला कोणतीही कचेरी तयार झाली नसती. कचेरीत बसून त्याने हे स्वतःच पडताळून पाहिलं होतं.

अशात पुंजाजी डोळे दाखवायला अमरावतीला आले. दवाखान्यातून निघाल्यावर म्हणाले, "चाल, तुयं थे हाटेल दाखव. समोरून जाऊ."

श्रावण नाही कसा म्हणणार? दारात पोचताच खुशालराव हात जोडून पुढे आले. "या काका, आत चला. उन्हातून आलात." आणि हा सगळा लवाजमा थेट विशेष कक्षात पोचला. पुंजाजी खुर्चीवर टेकले. डोळ्यांत औषध होतं, तरी त्यांनी चारी भिंती पाहिल्या, खिडकीतून दिसणारा लिंबाचा बुंधा पाहिला, आणि हलकेच हसले.

"श्रावण, हे तं मांगचंच आंगन होय. छप्पर टाकलं वाट्टे."

श्रावण उठला आणि तडक गल्ल्यापाशी गेला. बाहेर एक खुर्ची रिकामी नव्हती.

"खुशालराव, आमाले बाहेर बसाचं हाय."

"बाहेर गर्दी आहे, श्रावणजी. आपल्याला त्रास होईल."

"सगळ्यायले देता तेवढा त्रास द्या ना. जास्त नाही मांगत मी."

आता आजूबाजूचं खाणं थांबलं. पहिल्या टेबलावर हरिहरपंत वकील होते, तीस वर्षांचं जुनं गिऱ्हाईक. त्यांनी समजुतीच्या स्वरात तोंड घातलं, "अरे, तुला मान देऊन राहिले ते. आम्हाला इथे कोण विचारतं?"

"मंग तुमी जा आत, वकीलसाहेब. खोली रिकामी हाय. निया काठाच्या कपात चहा भेटते."

वकिलांनी पुष्कळ अवघड प्रश्नांची उत्तरं कोर्टात दिली होती. या आमंत्रणाला उत्तर म्हणून त्यांनी वड्याचा तुकडा मोडला. बाकीच्यांनीही आपापल्या बशीत पाहिलं. आनंदविलासच्या बशा इतक्या लक्षपूर्वक पूर्वी कधी पाहिल्या गेल्या नव्हत्या. आपण एकटेच उभे आहोत आणि सगळं हॉटेल बसलेलं आहे, हे श्रावणला त्या क्षणी फार जाणवलं. निघून जावं, पुन्हा या रस्त्याने येऊ नये, असं त्याच्या मनात आलं.

तेवढ्यात पुंजाजी आतून आले. त्यांनी एकदा सगळीकडे पाहून इथली पद्धत समजून घेतली आणि सरळ जाऊन हरिहरपंतांच्या खुर्चीमागे उभे राहिले. नियमाप्रमाणे. अगदी मानेशी.

वकील अर्धवट वळून म्हणाले, "बाबा, जरा वेळ लागेल."

"खा ना सावकाश," पुंजाजी म्हणाले. "मले उभं राह्याची सवय हाय."

असं कोणी मागे उभं राहून म्हणाल्यावर वडा खाता येत नाही. वकिलांनी मिनिटभर प्रयत्न केला, मग रुमालाने तोंड पुसत ते उठले. अर्धा वडा बशीत राहिला. (आनंदविलासच्या इतिहासात ही पहिलीच नोंद.) पुंजाजी बसले, शेजारची खुर्चीही कोणीतरी घाईघाईने सोडली, तिच्यावर श्रावण बसला. वाढप्याने खुशालरावांकडे पाहिलं. खुशालरावांनी छताकडे पाहिलं. दोन वडे आले, बाहेरच्या बशांत.

पुंजाजींनी वहाणा काढल्या, पाय वर घेतले आणि खुर्चीवर ऐसपैस मांडी घातली. चटणीची वाटी ओढताना ती संगमरवरावर कलंडली. गल्ल्यावर खुशालरावांच्या मानेची शीर टरारून फुगली. त्यांनी ओठ आवळले, कायदा आठवला, पुणेरी आठवून पाहिली. पण सवय आयुष्यभराची.

"ए बुढ्या, पाय खाली घे. खुर्ची हाय थे, वावरातली माचान नाही."

श्रावण ताडकन उठला. ज्यासाठी तो भांडत होता ते हेच होतं, आणि ते बापाला मिळाल्यावर त्याला मूठ आवळावीशी वाटली. पुंजाजींनी त्याच्या मनगटाला धरून खाली बसवलं.

"घेतो, बाप्पा, घेतो," ते गल्ल्याकडे पाहून म्हणाले, आणि एकेक पाय सावकाश खाली घेतला. मग वड्याचा तुकडा तोंडात घालून पुढे म्हणाले, "अन् वडा आंबला हाय तुया."

आंबलेला तो होताच. सगळ्यांनाच ठाऊक होतं. श्रावणनेही दर शनिवारी तो आंबूस वडा खाऊन बोटं चाटली होती. खुशालराव वाढप्यावर ओरडले, "गरम टाक दोन, पाह्यतो काय बैलासारखा."

रस्त्यावर आल्यावर श्रावणने विचारलं, "बाबा, राग नाही आला तुमाले?"

"आला ना." पुंजाजी थोडं चालून म्हणाले, "पण थो मायासंग बोलला. मांगं थो बोलतच नव्हता. चहा वतून निंघून जाये."

श्रावणने त्यांचा हात धरला. डोळ्यांत औषध होतं म्हणून, असं त्याने स्वतःला सांगितलं.

विशेष कक्ष पुढच्या पंधरवड्यात दुरुस्तीसाठी बंद झाला आणि तिथे आलूची पोती आली. निळ्या काठांचे कप हळूहळू बाहेरच्या कपांत मिसळले. नर्सबाईंना खुशालरावांनी 'ओ चष्मेवाली' म्हटलं, तेव्हा बाईंनी त्यांना असं सुनावलं, की अकोल्याची एक सबंध मंडळी दुसऱ्या दिवशी तिकीट काढून आली.

ही गोष्ट आता अमरावतीत सगळ्यांना ठाऊक आहे, आणि सांगणारा प्रत्येक जण सांगतो की त्या दुपारी तो तिथेच होता, आणि पुंजाजींना खुर्ची द्यायला आपणच उठलो. मोजदाद केली तर आनंदविलासात इतक्या खुर्च्या कधीच नव्हत्या. तुम्हीही, वाचक हो, हे वाचताना मनातल्या मनात उठून खुर्ची दिलीच असेल. चांगलं केलंत. फक्त वडा संपवून उठलात की आधी, तेवढं एकदा आठवून पाहा.