कान्हाची चिमूट

सोनुबाईचा नातू कान्हा तीन वर्षांचा झाला, तरी त्याच्या चिमटीत दाणा ठरत नव्हता. मोठ्या तापातून उठल्यापासून बोटं कोमेजल्या देठासारखी लुळी. घास दुसऱ्याने भरवायचा. पळसदरीत नव्याने निघालेल्या बालवाडीच्या बाई म्हणाल्या, "आजी, त्याला दोन बोटांनी उचलायचे, दाबायचे खेळ द्या."

"माज्या नातवाला खेळ मी शिकवीन. तुमी तुमची पोरं सांभाळा!" सोनुबाई फणकारली. घरी येऊन मात्र तिने गुपचूप वाल भिजत घातले.

मोड आलेला वाल चिमटीत दाबला की साल बोटांत राहतं आणि दाणा टुणकन उडतो. पहिले आठ दिवस नुसता चेंदा झाला, मग एक दाणा उडाला. कान्हा हसला. त्या दिवसापासून रोज वाल सोलायचे, रोज त्यांच्या उसळीचं बिरडं. महिन्याभरात सून जया रडकुंडीला आली.

"आत्याबाई, किती दिस त्येच खायचं?"

"पोराचा हात मोठा का तुजी जीभ गं? गप गिळ!"

घरातले वाल संपले. सोनुबाईची नजर बियाण्याच्या वालांकडे वळली, तसा तिचा मुलगा चांगो धास्तावला. भात कापून झालं होतं, जमिनीत ओल होती. आईचा हात पोचायच्या आत त्याने होतं नव्हतं ते बी घरामागच्या तुकड्यात बोटभर खड्डे करून टोकून टाकलं.

"आता राख, आये. कोंबड्या उकरतील."

चार दिवस सोनुबाई काठी घेऊन बांधावर बसली. एक कोंबडी फिरकू दिली नाही. पाठीमागे कान्हा मातीत खेळत होता. पोर रडत नाही, एवढ्यावर ती खूश होती.

पाचव्या दिवशी चांगो बघायला आला आणि ओरडला, "आये, राखलंस काय गं?"

एकूण एक खड्डा उकरलेला. शेवटच्या खड्ड्याशी कान्हा बसला होता. ओलीने फुगलेले वाल सोलून त्याने कडेकडेने ढीग लावले होते.

चांगोने हात उगारला. सोनुबाई मध्ये आली. "खबरदार! येक तरी दाना चेंगरलाय का बघ!"

खरंच एकही चेंगरला नव्हता. मग तिने उकरलेल्या तुकड्याकडे पाहिलं आणि ते ढीग पदरात गोळा केले. "जये, चूल पेटव. वाईच नारळ घाल."

संध्याकाळी तिघं माना खाली घालून जेवली. कान्हाने मात्र जयाचा हात बाजूला सारला आणि एकेक दाणा दोन बोटांत धरून सबंध वर्षाचं पीक सावकाश, स्वतःच्या हाताने खाल्लं.