आठ फुटी टाकीतले पाच बेपत्ता

'नाशिक जिल्ह्याला लाभलेली एकमेव तीक्ष्ण दृष्टी, पोलादी नसा आणि कधीही न चुकलेला मेंदू: झुंबरराव गांगुर्डे, खासगी गुप्तहेर.' हा मजकूर आमच्या दाजींनी स्वतःच लिहून स्वतःच्या कार्डावर छापून घेतला आहे. तीक्ष्ण दृष्टीचं गेल्या मार्चमध्ये मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. पोलादी नसा रक्तदाबाच्या दोन गोळ्यांवर चालतात. मेंदू मात्र खरोखर कधी चुकलेला नाही, कारण तो वापरल्याचं मी, त्यांचा सख्खा मेहुणा सहादू, अजून पाहिलेलं नाही. मी त्यांचा सहायक आहे, म्हणजे स्कूटर माझी आणि पेट्रोलही माझंच. बहीण त्या घरात दिली आहे, तेव्हा राजीनामा देता येत नाही.

श्रावणातल्या दुसऱ्या सोमवारी दुपारी आम्ही गंगापूर रोडला नवनाथशेठ आहेरांच्या बंगल्यावर पोचलो. शेठ चांदवडचे कांदा व्यापारी. महिन्यापूर्वी त्यांनी हॉलमध्ये आठ फूट लांबीची काचेची टाकी बसवली, आणि एवढ्या टाकीत गप्पी मासे सोडले तर लोक काय म्हणतील म्हणून मोठे शिकारी मासेच घेतले. मासेवाल्याने समजावलं होतं, "शेठ, ज्याच्या तोंडात जो मावतो तो त्याचा घास. पण पोट भरलेलं असलं तर नांदतील." त्याप्रमाणे एक अरोवाना, एक ऑस्कर, एक दीड फुटी मिशाळ कॅटफिश आणि सोबतीला तळहाताएवढे पाच चंदेरी मासे, असं बिऱ्हाड आलं. तीन आठवडे बरे गेले. गेल्या आठ दिवसांत मात्र पाचही चंदेरी मासे नाहीसे झाले.

"मासेवाला एक मासा महिन्याच्या आत परत घेतो," मोबाइलमधून मान वर न काढता शेठ म्हणाले. "मुदत आज संपते, पाचला येतोय तो. मला ऑस्करचाच डाउट आहे, तोंडच बघा त्याचं. तुम्ही तेवढं कन्फर्म करा, म्हणजे देऊन टाकतो."

टाकीजवळ स्टुलावर त्यांच्या पत्नी रोहिणीताई बसल्या होत्या. त्या शिक्षिका, आणि श्रावणी सोमवारी शाळा अर्धा दिवस. ऑस्कर त्या जिकडे सरकतील तिकडे काचेला तोंड लावत होता.

दाजींनी भिंग काढलं. "माझी चौतीस वर्षं पाण्यात गेलीत," ते म्हणाले. दाजी पाटबंधारे खात्यात कारकून होते. पाणी त्यांनी माठातलंच पाहिलं.

पहिला संशय बगळ्यावर. गोदावरी जवळच, तेव्हा बगळा खिडकीतून आला. खिडकीला जाळी होती, आणि एसीमुळे ती कधी उघडलेलीच नव्हती. "मग घरातल्या कोणीतरी त्याला दार उघडलं," दाजी म्हणाले. दुसरा संशय फिल्टरवर. मासे आत ओढले जातात हे सिद्ध करायला त्यांनी नळीत बोट घातलं. ते बाहेर काढायला मला दहा मिनिटं आणि अर्धी वाटी खोबरेल लागलं.

"दाजी," मी म्हटलं, "त्या कॅटफिशचं पोट बघता का जरा?" कॅटफिश तळाशी टम्म फुगून पडला होता.

"जलोदर. आजारी जिवावर संशय घेणं शोभत नाही तुला, सहादू. आणि मिशा बघ. मिशीवाला सरळ असतो." त्यांनी स्वतःच्या मिशीवरून हात फिरवला. "अरोवाना उघड उघड वरून पोहतो. उरला ऑस्कर. बघा, बाईंच्या आड लपतोय. शेठ, हाच तुमचा आरोपी."

"पण तीन आठवडे कोणी कोणाला खाल्लं नाही," रोहिणीताई म्हणाल्या. "मग आत्ताच काय झालं?"

"गुन्हेगार संधीची वाट बघतो, ताई."

त्यांचा चेहरा उतरला. मला त्यांचं फार वाईट वाटलं, आणि दाजींचा नेहमीपेक्षा जास्त राग आला.

तेवढ्यात शेठच्या आई, नवसाबाई, साबुदाण्याची खिचडी घेऊन आल्या. आम्हाला बशा दिल्या, आणि टाकीचं झाकण उचलून दोन मुठी खिचडी आत सोडली.

"आई, हे काय?" रोहिणीताई उठल्या.

"खिचडी. त्यांना पण सोमवारच हाय की."

"आणि बाकीच्या दिवशी?"

"कणकेच्या गोळ्या. रामकुंडावरचे मासे लय आवडीनं खातात."

"अहो, पण जिन्याखालच्या फ्रीजमधली माशांची कोळंबी?"

"ती श्रावण लागला त्याच दिवशी वॉचमनला दिली. माझ्या घरात श्रावणात कोणी मांसमच्छी खाणार नाय. माणूस नाय न मासा पण नाय."

शेठ सकाळी सहाला चांदवडला जातात, रोहिणीताई सातला शाळेत. माशांना घालायचं काम पुण्याचं म्हणून आईंनी मागून घेतलेलं. अकरा दिवस टाकीत श्रावण पाळला जात होता, आणि कॅटफिशने तिसऱ्याच दिवशी तो मोडला होता.

"म्हणजे बाहेरच्याचा हात नव्हता, हे माझं बरोबर निघालं," दाजी खिचडी खात म्हणाले.

पाचला मासेवाला मासा न्यायची प्लास्टिकची पिशवी घेऊन आला. सगळं ऐकून म्हणाला, "आजी, ह्यांना मांसच लागतं. नाहीतर एकमेकांना खातील, ते पाप कोणाला?" नवसाबाईंनी बराच विचार केला. "मग हिनं घालावं न अंघोळ करावी. मी तिकडं बघणार नाय."

"झालं तर," शेठ मोबाइलवर बोट फिरवत म्हणाले. "तरी ऑस्करच ने. कॅटफिशचा रुबाब आहे, लोक बघायला येतात."

"तो जाणार नाही," रोहिणीताई म्हणाल्या. "ह्या घरात मी बोलते तेव्हा माझ्याकडे बघणारा तो एकटाच आहे."

शेठनी मोबाइल खिशात ठेवला. "बरं. मग कोणाला पाठवायचं, तूच सांग."

रोहिणीताईंनी नवऱ्याकडे डोक्यापासून पायापर्यंत पाहिलं. इतका वेळ पाहिलं, की मासेवाल्याने हातातली पिशवी उलगडून तिचं माप बघून घेतलं. शेवटी त्यांनी कॅटफिशकडे बोट दाखवलं, तेव्हा शेठ मटकन सोफ्यावर बसले.