कोमट पाण्याचा पुरावा

"बाबा, इथे कशालाही हात लावायचा नाही," मुलीने सभागृहाच्या दारातच बजावलं.

"छे! मी कशाला लावतोय?" असं म्हणत बाबांनी त्याच दाराची कडी दोनदा हलवून पाहिली.

बाबा कारखान्यातून फिटर म्हणून निवृत्त झाले होते, पण त्यांच्या हातांना कुणी ते कळवलं नव्हतं. काही डुगडुगताना दिसलं की हात शिवशिवायचे. कुणाकडे जेवायला गेले तरी आधी टेबलाखाली वाकून पाहायचे.

आज मुलीची पीएच.डी.ची शेवटची तोंडी परीक्षा होती. विषय होता लाकडाचा डिंक. घट्ट धरणारा, पण कोमट पाणी लागलं की मुकाट्याने सोडणारा, म्हणजे जुनं फर्निचर न मोडता उघडता यावं. या डिंकापायी तिचा नवरा स्वयंपाक शिकला होता आणि तिचे गाइड सर म्हातारे झाले होते. ते या महिनाअखेर निवृत्त होणार होते. आज अडलं, तर नवा गाइड, त्याचे नवे हट्ट आणि पुन्हा श्रीगणेशा.

ती पडद्यावर चित्रं नीट दिसतात का हे बघत होती, तेवढ्यात बाबांना पहिल्या रांगेतली मधली खुर्ची दिसली. बसायच्या फळीचा वरचा पापुद्रा सुटला होता. मुलीच्या पिशवीत नमुन्याची बाटली होतीच. बाबांनी सढळ हाताने डिंक ओतला, पापुद्रा दाबला, तसा डिंक कडांनी वर आला, आणि ते हात धुवायला गेले. परत येऊन बघतात तर बाहेरगावचे परीक्षक नेमके त्याच खुर्चीत ऐसपैस बसलेले, आणि परीक्षा सुरू झालेली. बाबांच्या तोंडचं पाणीच पळालं. मध्येच बोलून मुलीच्या परीक्षेचा विचका कसा करायचा? झाकली मूठ सव्वा लाखाची, असं म्हणून ते मागच्या रांगेत गुपचूप टेकले.

मुलगी छान बोलत होती. शेवटी परीक्षकांनी चष्मा काढला.

"सगळे प्रयोग लाकडाला लाकूड चिकटवून केलेत. हल्ली प्रत्येक खुर्चीवर कापड चढवलेलं असतं. कापडाला हा डिंक धरतो का? आणि कापड न बिघडवता सोडतो का?"

"ते... तपासलं नाही, सर."

"मग तपासा. सहा महिने घ्या. मला काही घाई नाही."

घाई गाइड सरांना होती. "सर, जरा विचार केला तर..."

"एकदा नाही म्हणजे नाही!" परीक्षक ताडकन उठले. खुर्चीही उठली.

ते खाली बसले. पुन्हा उठून पाहिलं. खुर्चीने साथ सोडली नाही.

"हा काय प्रकार आहे?"

मागून बाबांनी हात वर केला. "साहेब, तो आमच्या पोरीचाच डिंक आहे. पण लावला मी. तिला यातलं काही ठाऊक नाही. नापास करायचं तर मला करा."

"परीक्षेला तुम्ही बसलाय का?"

"नाही साहेब, मी नुसता बघायला आलोय."

धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं मुलीला झालं. पण धरणी ढिम्म हलेना, तेव्हा तिनेच तोंड उघडलं. "सर, प्रकरण चौथं. कोमट पाणी."

"ते लाकडाचं! माझ्या पँटचं काय होईल?"

"खरं सांगू? मला माहीत नाही. पण आता कळेल."

शिपायाने चहाच्या किटलीतून पाणी आणलं. ते सोसेल इतपतच गरम आहे ना, हे परीक्षकांनी स्वतः बोट बुडवून पाहिलं. इतक्या काळजीने त्यांनी आजवर कुठलाच प्रयोग तपासला नसेल. मुलगी चमच्याने कडेकडेने पाणी सोडू लागली. बाबांनी खिशातून कात्री काढली. "नाहीच सुटलं तर..."

"ती आत ठेवा!" परीक्षक आणि गाइड सर एकदमच ओरडले.

चमचा चमचा करत अर्धी किटली रिकामी झाली.

"आता उठा सर. सावकाश."

परीक्षक उठले. खुर्ची जागच्या जागी राहिली. गाइड सरांनी खाली वाकून पँट मागून नीट न्याहाळली. "फाटली नाही. डागही नाही. फक्त ओली आहे."

"ओली आहे ते मलाही कळतंय," परीक्षक म्हणाले. मग त्यांनी खुर्चीच्या फळीवरून बोट फिरवून पाहिलं. "धरतो," ते अखेर पुटपुटले. "आणि सोडतो. स्वतःवर बेतलेलं मी नाही कसं म्हणू? एक परिच्छेद वाढवा. त्यात माझं नाव मात्र नको." त्यांनी उभ्याउभ्याच अहवालावर सही केली. "अभिनंदन, डॉक्टर."

सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. गाइड सर उगाचच सगळ्यांशी हात मिळवत सुटले, शिपायाशी तर दोनदा. बाबा बाहीने डोळे पुसत होते. मुलगी सकाळपासून उभीच होती. हाताला लागली ती खुर्ची ओढून ती मटकन बसली, मान मागे टाकली आणि तिने डोळे मिटून घेतले.

"अगं, ऊठ ऊठ!" बाबा किंचाळले. "तीच खुर्ची आहे ती!"

"असू दे हो, बाबा," ती डोळे न उघडताच म्हणाली. "आता मला कुठेही जायचं नाहीये."