चौसष्ट मुठींचा भात

व्याही-विहीण पहिल्यांदाच जेवायला येणार, म्हणून सासूबाईंनी सकाळपासून घर डोक्यावर घेतलं होतं. मुलाच्या लग्नात जेवणाचं यांच्याकडे होतं आणि भात कमी पडला, तेव्हा विहीणबाई तोंड फिरवून हसल्या होत्या. ते हसू सासूबाईंच्या घशात अजून अडकलेलं होतं.

"तांदूळ पुष्कळ घाल गं," त्यांनी सुनेला बजावलं.

"पुष्कळ म्हणजे किती, आई?"

"पुष्कळ म्हणजे पुष्कळ. तुझे वडील शब्दकोश लिहितात ना? त्यांनाच विचार," असा टोला हाणून त्या शेजारणीकडे दोन खुर्च्या मागायला गेल्या.

तिथे विहीणबाईंची उणीदुणी काढता काढता अंमळ उशीर झाला. एक खुर्ची स्वतः उचलून, दुसरी शेजारणीच्या हाती देऊन दोघी परतल्या तर स्वयंपाकघरात शेगडीचे चारही बर्नर पेटलेले. चारींवर भात. मोठ्या पातेल्याचं झाकण भातानं वर उचलून धरलेलं, आणि मुलगा कोपऱ्यात भात ओतायला नवीकोरी बादली धूत बसलेला. सासूबाईंना आधी वाटलं, आपण चुकून दुसऱ्याच घरात शिरलो.

"हे काय मांडलंय?" त्या हळूच म्हणाल्या.

"बाबांना फोन केला," सून म्हणाली. "मूळ संस्कृत शब्द पुष्कल. पूर्वी ते मापही होतं म्हणे. आठ मुठींची एक कुंची, आठ कुंच्यांचं एक पुष्कल. म्हणजे चौसष्ट मुठी."

"कुणाच्या मुठी?"

"माझी लहान पडते, म्हणून ह्यांच्या."

मुलानं आपल्या पंजाकडे पाहिलं. "मधेच मोजणी चुकली, आई. मग पहिल्यापासून मोजल्या. आधीच्या पातेल्यात तशाच राहिल्या."

सासूबाई त्याच्यावर बरसणार, तोच मागून शेजारीण म्हणाली, "बाई बाई, किती माणसं यायचीत हो?"

दोनच, असं सांगायला जीभ उचलेना. "येतील," त्या म्हणाल्या. "आमच्याकडे माणसं मोजून बोलवत नाहीत."

"मग दोन खुर्च्यांनी काय होतंय?" असं म्हणून शेजारीण जिना उतरलीसुद्धा.

व्याही-विहीण आले, तेव्हा घरात, दारात, जिन्यावर खुर्च्याच खुर्च्या. शिंप्याच्या, गवंड्याच्या, वरच्या मजल्यावरच्या नर्सबाईंच्या.

"सभा आहे का?" वाट काढत व्याह्यांनी विचारलं.

त्यात ज्याची खुर्ची नेली, तो ती कशाला नेली हे बघायला डोकावत होता. आलेल्याला उभं कसं ठेवणार? सासूबाई एकेकाला बसवत गेल्या, आणि बसला की ताट पुढे आलंच.

चार घास खाऊन व्याह्यांनी हात आखडता घेतला. "पुष्कळ झालं."

"एवढ्यात?" सासूबाईंचा चेहरा पडला.

"जुन्या काळी भिक्षेच्या चार घासांनाही पुष्कलच म्हणत. सकाळी तेच सांगत होतो, तोवर पोरीनं फोन ठेवला."

सासूबाईंनी सुनेकडे पाहिलं. सून बादलीकडे पाहू लागली.

विहीणबाईंनी मात्र तिसऱ्यांदा भात वाढून घेतला. "एवढ्या माणसांना पुरून उरला, आणि शीतही मोडलं नाही. तांदूळ किती घेतले होते?"

स्वयंपाकघरात मुलाला ठसका लागला.

"मोजतंय कोण," विहीणबाईंचा डबा दाबून भरत सासूबाई म्हणाल्या. "आमच्या सुनेच्या हाताला अंदाजच तसा आहे."